डावं पायडल

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. भाजीवाल्यानं तराजू उचलला की माझी नजर भाजीवर नसते, त्याच्या करंगळीवर असते. शेजारीण उगाच गोड बोलली की मी दिवसभर विचार करते, हिला काय पाहिजे असेल बापा? माझ्या माहेरी सगळेच असे. त्यामुळे माझ्या सायकलचं डावं पायडल रोज सकाळी सैल सापडायला लागलं, तेव्हा ते आपोआप सैल होत असेल असं मला घटकाभरही वाटलं नाही. कोणीतरी करत होतं. कोण, तेवढं शोधायचं होतं.

आम्ही मासे धरणारी माणसं. पवनीकडं एका खेड्यात घर आहे, घरामागे तलाव. नवरा पहाटे अंधारातच डोंगा घेऊन पाण्यात जातो. मी काठावर बसून रोहू, कतला, मरळ वेगळे करते आणि आसपासच्या चार गावांत नेऊन विकते. लग्नानंतर सहा वर्षं ही चार गावं मी डोक्यावर टोपली घेऊन फिरले. मान अशी धरायची की उजवीकडं पाहायचं तर अख्खं अंग फिरवावं लागे. मग एकदा माहेरी गेले आणि माझी शाळेतली सायकल घेऊन आले. मागे प्लास्टिकचा क्रेट बांधला. दहा वाजायच्या आत चारही गावं व्हायला लागली, मान सुटली, दुपारी दोन घास सुखानं खाता यायला लागले. त्या घरात भांडी सासूच्या वेळची, भिंती सासऱ्याच्या, डोंगा नवऱ्याचा. सायकल तेवढी माझी होती.

सायकल आली त्या दिवशी सासरे एकच वाक्य बोलले होते. "आपल्या घरच्या बायानं कधी सायकल नाही चालवली." बस. रागानं म्हणाले की नुसतंच म्हणाले, ते मला कळलं नाही, पण मी ते जपून ठेवलं. असली वाक्यं माझ्याकडे वर्षानुवर्षं ताजी राहतात.

जुने पायडल रबराचे होते, झिजून गुळगुळीत झालेले. क्रेटमधून माशाचं पाणी गळायचं, चप्पल ओली व्हायची आणि ऐन चढावर पाय सटकायचा. म्हणून मी पवनीच्या सायकलवाल्याकडून नवे पायडल आणले. रुंद, चपटे, कडेला बारीक बारीक दाते असलेले. त्यावर ओला पाय ठेवला तरी हलत नाही. दुकानदार म्हणाला, बसवून देतो. मी म्हटलं, नको. कोणी पाना घेऊन माझ्या सायकलपाशी वाकला की माझ्या मनात पाल चुकचुकते. आतले चांगले छर्रे काढून झिजके घातले तर मला काय समजणार? मी फक्त उभं राहून विचारून घेतलं.

तो मात्र मनानं मोकळा निघाला. सगळं सांगितलं. आसाच्या टोकावर कोरलेलं अक्षर दाखवलं, उजव्याचं वेगळं, डाव्याचं वेगळं. "उजवं साध्या स्क्रूसारखं बसते, ताई. डाव्याचे आटे उलटे असतेत. ध्यानात ठेवाचं येवळंच, पान्याचा दांडा वर धरा अन् पुढच्या चाकाकडं ढकला. दोन्ही पायडल तसेच कसतेत. मांगं ओढले का उघडतेत." आधी आट्यांना ग्रीस लावा, म्हणाला. सुरुवात बोटानंच करा, तीन-चार वेढे सहज गेले तरच पाना लावा. अडलं तर जोर लावू नका, काढून पुन्हा धरा, नाहीतर क्रँकचे, म्हणजे पायडल धरणाऱ्या दांडीचे, आटे खाल्ले जातील आणि मग सगळंच बदलावं लागेल. पंधरा नंबरचा पानाही त्यानंच दिला.

घरी येऊन मी अंगणात सायकल उलटी न करता भिंतीला टेकवली आणि कामाला लागले. सासरे ओसरीवर जाळं विणत होते. पंचाहत्तरी उलटलेली. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्यात मोतीबिंदू. सासूबाई गेल्यापासून बोलणं अगदी मोजकं. पण बोटं अशी की डोळे मिटूनही जाळ्याचं तुटलेलं घर सापडायचं. उजवं पायडल झालं. डाव्याला पाना लावून मी फिरवायला लागले, तसे ते म्हणाले, "सूनबाई, उलटं फिरवून राहिली तू."

"मले समजते, मामाजी," मी म्हटलं.

ते पुन्हा जाळ्याकडे वळले. डाव्याचे आटे उलटे असतात, हे सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. नाही सांगितलं. मला आलेली गोष्ट मी सहजासहजी दुसऱ्याला देत नाही, आणि बाईनं हातात पाना धरला की प्रत्येक पुरुषाला काहीतरी सुचवायचंच असतं, याचा मला तिटकारा होता. तेव्हा वाटलं, बरं तोंड बंद केलं.

आठ-दहा दिवस पायडल झकास चालले. मग एका सकाळी तलावाच्या पाळीवर चढताना मी पायडलवर उभी राहून जोर दिला, आणि डाव्या पायाखाली कट्ट झालं. पुन्हा पाय आला, पुन्हा कट्ट. उतरून पाहिलं तर पायडल सैल, बोटानं हलत होतं. पाना जवळ होता, कसून घेतलं. संध्याकाळी घरी पुन्हा एकदा नीट कसलं. दुसऱ्या सकाळी परत सैल. तिसऱ्याही सकाळी. मी रविवारी दोन्ही पायडल काढले, माशाच्या पाण्याचा गंज चढला असेल म्हणून फडक्यानं आटे पुसले, नवं ग्रीस लावलं, आस फिरवून छर्रे वाजत नाहीत ना ते कान लावून ऐकलं. सगळं ठीक होतं. सोमवारी सकाळी डावं पुन्हा सैल.

पहिला संशय दुकानदारावर. मी तणतणत पवनी गाठली. "भाऊ, डुप्लिकेट माल देल्ला तुम्ही मले!"

त्यानं पायडल उघडलं, आटे पुसून मला दाखवले. "कुठं खाल्लं दिसते का सांगा. अन् डावं पायडल चालवल्यानं सुटत नसते, ताई. त्याच्याचसाठी तं आटे उलटे ठेवले." मग इकडं-तिकडं पाहून आवाज खाली घेतला. "कोनीतरी पान्यानं उघडून राहिलं."

झालं! माझ्याच मनातलं त्याच्या तोंडून आलं.

दुसरा संशय मोटारसायकलवाल्यावर. तो बाहेरचे, बर्फातले मासे घेऊन त्याच चार गावांत यायचा. मी सायकल घेतल्यापासून त्याच्या आधी पोचायची, आणि बायका माझे ताजे मासे घ्यायच्या. एका सकाळी रस्त्यात भेटला तर हसून म्हणाला, "काय ताई, सायकल बरी हाये ना?" आता मला सांगा, माझ्या सायकलची चौकशी ह्याला कायले पाहिजे? त्या दिवसापासून मी सायकल रस्त्याकडच्या छपरीतून काढून आतल्या अंगणात ठेवायला लागले आणि फाटकाला कुलूप घातलं.

सकाळी पायडल सैल होतं.

कुलूप तसंच्या तसं होतं. म्हणजे करणारा घरातलाच. घरात माणसं तीन, त्यांतली एक मी.

त्याच आठवड्यात मी पडले. त्या दिवशी मासे उशिरा निघाले म्हणून मी घाईत पायडल तपासलं नाही. पाळीचा उतार संपतो तिथं डावं पायडल पायासकट गळून पडलं आणि मी मुरमावर आपटले. क्रेट उलटला, रोहू धुळीत लोळले, कोपराची साल निघाली. नवऱ्यानं जखम धुतली, हळद भरली. माझा नवरा आरडाओरडा करणारा नाही, म्हणून त्याचं बोलणं जास्त लागतं. "आनखी एकदा पडली तं ही सायकल तुह्या भावाच्या घरी नेऊन घालतो," तो म्हणाला. "टोपली हाये घरात."

टोपली चुलीमागच्या भिंतीवर अजून टांगलेली होती. मी तिच्याकडं पाहिलं आणि माझी मान आपोआप आखडली. ज्याला कोणाला हे पाहिजे होतं, त्याचं काम एका पडण्यावर येऊन ठेपलं होतं.

मी त्या संध्याकाळी जत्रेत घेतलेली लाल नेलपॉलिशची बाटली काढली. पायडल कसून झाल्यावर आसापासून क्रँकपर्यंत एक सरळ रेघ ओढली. आस जरा जरी फिरला तर रेघ तुटणार. सकाळी तलावावरून आले तर रेघ तुटलेली. दुसऱ्या दिवशीही. आणि चहाची कपबशी सासऱ्यांच्या हातून घेताना पाहिलं, त्यांच्या अंगठ्याच्या नखात काळं ग्रीस होतं.

'आपल्या घरच्या बायानं कधी सायकल नाही चालवली.' ते वाक्य माझ्याकडे ताजंच होतं.

तिसऱ्या दिवशी मी तलावाकडं निघाल्यासारखं केलं आणि परसातून फिरून न्हाणीच्या भिंतीआड उभी राहिले. फटफटत होतं. सासरे काठी टेकत आले, सायकलपाशी उकिडवे बसले, हातानं चाचपत डावं पायडल धरलं. खिशातून पाना काढला. माझा नव्हे, डोंग्याच्या कामाचा जुना, तोंड फाकलेला. आणि जोर लावून फिरवलं. माझ्या डोळ्यांसमोर, उघडायच्या बाजूला.

अंगाचा नुसता भडका उडाला. मी भिंतीआडून निघाले आणि जे तोंड सुटलं ते सुटलं. "वा मामाजी! सून पडून मराले पाहिजे का तुमाले? तोंडानं सांगता नाही आलं, सायकल नोको म्हनून? चोरावानी पायडल उघडता!" शेजारच्या दोघी कुंपणापाशी आल्या. नवरा मागून मासे घेऊन आला आणि तसाच उभा राहिला. मी त्यालाही सोडलं नाही. "पाहा तुमच्या बापाचे धंदे!"

सासरे गुडघ्यावर हात टेकून उठले. तोंड उघडलं. मला वाटलं, आता काहीतरी खोटं सांगतील. पण त्यांनी तोंड परत मिटलं, पाना ओसरीच्या कडेवर ठेवला आणि बादलीपाशी जाऊन हात धुवायला लागले. खूप वेळ धुतले. दुपारच्या गाडीनं पिशवी घेऊन ते आसगावला लेकीकडं निघून गेले.

त्यानंतर अकरा दिवस लाल रेघ तुटली नाही. रोज सकाळी मी वाकून पाहायची आणि मान ताठ करून निघायची. तलावावर, विहिरीवर, ज्या गावात मासे न्यायची तिथं, ज्यांनी विचारलं त्यांना आणि ज्यांनी नाही विचारलं त्यांनाही मी सांगितलं. माझा संशय कधी खोटा ठरत नाही, असंही म्हणाले.

बाराव्या दिवशी नवरा तलावातून आला तो डोक्यापासून निथळत. जाळ्याचा दोर डोंग्यापासून सुटला, तो धरायला गेला आणि डोंगा कलंडला. पोहता येतं म्हणून निभावलं. मी घाबरून टॉवेल दिला. तो डोकं पुसता पुसता सहज म्हणाला, "बा नाही ना घरी. गाठ कोनी पाह्यली नाही."

"कोनती गाठ?"

"अवं, पान्यावर जानाऱ्याची गाठ घरातल्या मोठ्या मानसानं पाहाची असते. तो निंघाच्या आधी. पाहाची, कसाची अन् गप राहाचं. पाह्यली म्हनून सांगतलं का टोक लागते, नजर लागल्यावानी."

"मले तं कधी दिसले नाही मामाजी गाठ पाहताना."

"मलेबी कधी दिसला नाही."

"मंग तुमाले कसं माहीत?"

"सकाळी गाठ वेगळी राहे ना," तो म्हणाला. "माह्यापेक्षा चांगली."

तो ओले कपडे बदलायला आत गेला. मी टॉवेलचा पीळ हातात घेऊन अंगणात उभी. सायकल समोर होती. आणि कानात तेवढंच वाजायला लागलं, सूनबाई, उलटं फिरवून राहिली तू.

हे राम! त्या माणसाला वाटत होतं, सुनेला पाना चालवता येत नाही. रोज संध्याकाळी ही पायडल उलटं फिरवून सैल करून ठेवते. सांगून पाहिलं तर फटकन बोलली. म्हणून तो पहाटे उठून, डोंग्याची गाठ पाहून झाली की, सायकलची गाठ पाहायचा. जगातला प्रत्येक स्क्रू जसा कसतो तसा, उजवीकडं. मी संध्याकाळी कसायची, तो पहाटे कसायचा. पहिले आठ-दहा दिवस त्याच्या फाकलेल्या पान्याला ते दाद देत नसेल. रोज सैल सापडायचं म्हणून रोज थोडा जास्त जोर लावायचा. मी चोर म्हटलं तेव्हाही त्यानं सांगितलं नाही, कारण सांगितलं तर मला टोक लागली असती.

आधी मला त्यांचाच राग आला. सांगायला काय झालं होतं? मग आठवलं, मी तरी कुठं सांगितलं होतं? मग राग कोणावर काढावा ते कळेना, आणि मी चुलीपाशी बसून ओक्साबोक्शी रडले. लाज वाटत होती, अगदी तोंड लपवावं इतकी.

दुसऱ्या दिवशी चार गावं उरकून मी तशीच आसगावला निघाले. दोन्हीकडं रोवणी झालेल्या धानाच्या बांध्या, आणि मी वाटभर वाक्यं जुळवत होते. मामाजी, डाव्याचे आटे उलटे असतात. मामाजी, तुमचा हात उलटा पडत होता. कसंही फिरवलं तरी ते वाक्य शेवटी एकाच जागी जात होतं. मामाजी, तुम्हीच मला पाडलं.

हे सांगायचं कसं? आणि नाही सांगितलं तर ते घरी येऊन पहाटे पुन्हा पाना लावणार, मी पडणार आणि माझी सायकल भावाच्या घरी जाणार.

ते लेकीच्या ओसरीवर बसले होते. नणंदेनं पाणी दिलं, पण माझ्याकडं पाहिलं नाही. सासऱ्यांनी घंटीवरून सायकल ओळखली असावी.

"पायडल?" त्यांनी विचारलं. कशी आहेस नाही, कशाला आलीस नाही. पायडल.

"पक्कं हाये."

"मी आल्यापासून?"

आयुष्यभर मी दुसऱ्यांची लबाडी हुंगत आले, आणि तेव्हा स्वतः धडधडीत खोटं बोलले. "नवं बसवलं, मामाजी. आधीचं खराब होतं, आपोआप सुटे. दुकानदारानं कबूल केलं. पन ह्या नव्याचे आटे उलटे हायेत म्हने. तुमी एकडाव पाहून घ्या ना."

ते उठले, सायकलपाशी उकिडवे बसले. मी पाना हातात दिला. सवयीनं त्यांचा हात उजवीकडं वळला. सासऱ्याच्या हाताला सुनेनं हात लावायची आमच्यात रीत नाही. मी त्यांच्या मुठीवर हात ठेवला आणि पुढच्या चाकाकडं ढकलला. "असं, मामाजी. इकडं कसते. तिकडं उघडते."

त्यांनी एकट्यानं एकदा करून पाहिलं. मग पाना खाली ठेवून पायडलच्या कडेवरून अंगठा फिरवला. मी पडले तेव्हा तिथले दोन दाते मुरमावर वाकले होते. अंगठा त्या वाकलेल्या दात्यांवर थांबला. जाळ्याचं तुटलेलं घर शोधणारा अंगठा तो.

"नवं हाये म्हनते?"

"हो."

"बरं," ते म्हणाले आणि पिशवी आणायला आत गेले.

क्रेट नणंदेकडं ठेवून मी त्यांना मागं बसवलं. हलकं माणूस, माशांच्या क्रेटपेक्षाही हलकं. पाळीचा चढ आला, मी पायडलवर उभी राहिले, तेव्हा मागून आवाज आला.

"पोरी, कोपर बरं झालं का?"

मी हो म्हटलं. मागं बसलेल्या माणसाला आपलं तोंड दिसत नाही, हे त्या दिवशी फार बरं झालं.

घरी आल्यावर संध्याकाळी मी नेहमीसारखं पायडल कसलं आणि लाल रेघही ओढली. एवढं सगळं होऊनही ओढली. स्वभाव असा एका दिवसात जात नाही.

सकाळी तलावावरून आले आणि वाकून पाहिलं. रेघ तुटलेली होती. आणखी खाली वाकले. आसावरचा तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा सरकला होता, पुढच्या चाकाच्या बाजूला. मी कसलं होतं त्याहून पक्कं.

सासरे ओसरीवर जाळं विणत होते. अंगठ्याचं नख काळं होतं. मी ती रेघ नखानं खरवडून काढली, नेलपॉलिशची बाटली उकिरड्यावर टाकली आणि मासे बांधून निघाले. त्यांना काही बोलले नाही.